हवेतला कार्बन वाढला की पीक किती वाढतं?

पिकाला लागणारं सर्वांत मोठं अन्न कुठल्याही पोत्यात मिळत नाही. सोयाबीनचं झाड उपटून, उन्हात खडखडीत वाळवून तोललं, तर त्या वजनातला साधारण ४५ टक्के भाग निव्वळ कार्बन असतो. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त ही सगळी मंडळी एकत्र केली तरी त्यापुढे किरकोळ. हा कार्बन झाडाने हवेतून घेतलेला असतो. हिशेब मांडला तर एक क्विंटल वाळलेलं झाड, म्हणजे पाला, काड आणि दाणे मिळून, तयार व्हायला हवेतला सुमारे १६५ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. आणि हवेत हा वायू असतो किती? दहा हजार भागांत जेमतेम चार भाग.

इतक्या विरळ वायूवर सगळी शेती उभी आहे. त्यामुळे तो वाढतोय म्हटल्यावर मनात पहिला विचार चांगलाच येतो. 'कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्न, तो वाढला तर शेतीचं भलंच होणार', असे संदेश शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतात. त्यातला पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. दुसरा अर्धा शेतात तपासून पाहिलेला आहे, तोही एकदोनदा नव्हे, गेली तीसेक वर्षं, निरनिराळ्या देशांत आणि उघड्या रानात. त्यातून जे हाती आलं ते आपल्याकडच्या सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी पिकवणाऱ्यांना नीट कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण यातली काही पिकं फायद्याच्या बाजूला आहेत आणि काही नाहीत.

आधी आकडे. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळात हवेत या वायूचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. यालाच २८० पीपीएम म्हणतात. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर त्याचं रोजचं मोजमाप सुरू केलं. १९५९ची सरासरी आली ३१६ पीपीएम. २०२४ मध्ये तीच सरासरी ४२४च्या आसपास पोहोचली. अलीकडे वर्षाला साधारण अडीच पीपीएमची भर पडते आहे. कीलिंगचा आलेख दरवर्षी वरखाली होतो: मे महिन्यात तो सर्वांत वर असतो आणि सप्टेंबरअखेर खाली येतो, कारण उत्तर गोलार्धातली जंगलं आणि पिकं त्या काळात वाढतात आणि हवेतला कार्बन शोषून घेतात. पृथ्वीवरच्या हिरवाईचा श्वास असा कागदावर उमटलेला पाहिला की माझं मन अजूनही भरून येतं. पण आलेखाची एकूण दिशा मात्र वरच आहे.

पानाच्या आत काय घडतं

पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून हवा आत येते आणि त्याच छिद्रांतून झाडातलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. कार्बन हवा असेल तर रंध्रं उघडी ठेवावी लागतात, आणि ती उघडी ठेवली की पाणी जातं. कोरडवाहू शेतीची सगळी ओढाताण या एका गोष्टीत आहे.

आत आलेला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, करतं. झाडातल्या सगळ्या एन्झाइममध्ये हे सर्वांत महत्त्वाचं, पण कमालीचं संथ आहे. एका सेकंदाला ते तीनच्या आसपास रेणू पकडतं. म्हणून झाडाला ते प्रचंड प्रमाणात तयार करावं लागतं. गहू, भात, सोयाबीन अशा पिकांच्या पानातल्या एकूण नत्राचा जवळजवळ पाव हिस्सा या एकाच एन्झाइममध्ये अडकलेला असतो. आपण टाकलेल्या युरियातला बराच भाग शेवटी कुठे जातो, याचं हे उत्तर आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, दाण्यातल्या प्रथिनांचा विषय येईल तेव्हा ती लागणार आहे.

रुबिस्कोची दुसरी अडचण जास्त खर्चिक आहे. त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक पुरता ओळखता येत नाही. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, त्यामुळे साधारण २५ अंश तापमानाला दर तीनचार पकडींमागे एकदा तरी चुकून ऑक्सिजनच हाती लागतो. मग ती चूक निस्तरायला झाडाला तयार साखर आणि ऊर्जा खर्च करावी लागते, वर थोडा कार्बन परत हवेत जातो. या प्रकाराला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊन जितकं तापेल तितकं हे नुकसान वाढतं. अमेरिकेतल्या पिकांचा अंदाज काढला तेव्हा या एका चुकीपायी सोयाबीनचं सुमारे ३६ टक्के आणि गव्हाचं २० टक्के उत्पादन वाया जातं, असं दिसलं.

आता हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की काय होतं ते सहज कळेल. रुबिस्कोभोवती योग्य रेणूंची गर्दी वाढते, चुका कमी होतात, साखर जास्त तयार होते. शिवाय तेवढाच कार्बन कमी उघड्या रंध्रांतून मिळू लागल्याने झाड ती थोडी मिटून घेतं आणि पाणी वाचतं. हे दोन्ही फायदे खरे आहेत, मोजलेले आहेत.

पण ते सगळ्या पिकांना मिळत नाहीत.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस वेगळे का

फार पूर्वी, काही कोटी वर्षांपूर्वी, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत गेला, तेव्हा काही गवतवर्गीय वनस्पतींनी रुबिस्कोच्या चुकीवर स्वतःच उपाय काढला. त्यांच्या पानात आधी दुसरं एक एन्झाइम कार्बन पकडतं. ते ऑक्सिजनला फसत नाही. मग हा कार्बन पानाच्या शिरांभोवतीच्या खास पेशींमध्ये नेऊन सोडला जातो, आणि रुबिस्को तिथेच बसलेलं असतं. त्या पेशींत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाट होतो, त्यामुळे चूक होण्याची वेळच येत नाही. हा मार्ग पहिल्यांदा उसात उलगडला. ऑस्ट्रेलियातल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ मध्ये तो मांडला. या मार्गाच्या पहिल्या पदार्थात कार्बनचे चार अणू असतात, म्हणून अशा पिकांना सी-४ पिकं म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही आपली सी-४ पिकं. भात, गहू, सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भुईमूग, कांदा, द्राक्ष ही सी-३, म्हणजे थेट रुबिस्कोवरच विसंबलेली.

सी-४ पिकांच्या पानात कार्बनची गर्दी आधीच आहे. बाहेर तो वाढला तरी त्यांना नवं काही मिळत नाही. रंध्रं मिटल्यामुळे वाचणारं पाणी मात्र त्यांनाही मिळतं. म्हणून पाणी भरपूर असताना या पिकांचं उत्पादन जागचं हलत नाही आणि पाण्याचा ताण पडला तर थोडा फायदा दिसतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या मॅरिकोपा इथे १९९८ आणि १९९९ मध्ये ज्वारीवर उघड्या रानात प्रयोग झाले, त्यांतही हेच दिसलं.

बंद काचेतले आकडे आणि उघडं रान

सुरुवातीचे बहुतेक प्रयोग बंद कक्षांत किंवा कुंड्यांत झाले. तिथले निकाल फार आशादायक होते, आणि जगाच्या भावी अन्नपुरवठ्याचे अंदाज बरीच वर्षं त्यांच्यावरच बांधले गेले. पण बंद कक्षात वारा नसतो, कीड नसते, पाणी आणि खत वेळच्या वेळी मिळतं.

म्हणून शास्त्रज्ञांनी शेतातच प्रयोग मांडायचं ठरवलं. पिकाभोवती पंधरावीस मीटर व्यासाचं नळ्यांचं कडं करायचं, वाऱ्याची दिशा आणि वेग क्षणोक्षणी मोजायचा आणि ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूच्या नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे कड्याच्या आतलं पीक पन्नास वर्षांनंतरच्या हवेत वाढतं. बाकी सगळं तेच राहतं: तीच माती, तोच पाऊस, त्याच अळ्या. मॅरिकोपामध्ये १९८९ पासून कापूस आणि नंतर गहू, जपानमध्ये शिझुकुइशी इथे १९९८ पासून भात, इलिनॉय विद्यापीठात २००१ पासून सोयाबीन, ऑस्ट्रेलियात हॉर्शमला गहू. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अशी कडी उभी राहिली, आणि हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत वरून उघड्या असलेल्या कक्षांत भुईमूग, एरंडी, डाळवर्गीय पिकांवर काम झालं.

२००६ मध्ये या उघड्या प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा कळलं की फायदा बंद कक्षांत दिसला त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. आणखी पंधरा वर्षांनी, तीस वर्षांचे प्रयोग एकत्र पाहिल्यावर आकडा असा आला: हवेत २०० पीपीएमची वाढ झाली आणि पिकाला पाणी, खत, तापमान यांचा कुठलाच ताण नसला, तर सी-३ पिकांचं उत्पादन सरासरी १८ टक्क्यांनी वाढतं. कापसाचा प्रतिसाद याहून बराच मोठा, धान्यपिकांचा त्याहून लहान.

१८ टक्के म्हणजे थोडं नाही. पण त्याला दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. भारतातलं गव्हाचं उत्पादन १९६०च्या दशकात हेक्टरी टनाच्याही खाली होतं, आज ते साडेतीन टनांच्या आसपास आहे. त्याच काळात हवेत शंभराहून थोडी जास्त पीपीएमची भर पडली. चौपट झालेल्या उत्पादनात हवेचा वाटा अगदी लहान. बियाणं, खत आणि पाणी यांनी ती मजल मारली. उपग्रहांतून पृथ्वी आधीपेक्षा हिरवी दिसते, हाही दाखला अनेकदा दिला जातो. जगभरच्या त्या हिरवाईत वाढत्या कार्बनचा मोठा हात आहे, ते बरोबर. पण भारतातली हिरवाई मुख्यतः शेतीमुळे आहे, म्हणजे सिंचन, खत आणि एकाच रानात वर्षाला दोनतीन पिकं घेणाऱ्या लोकांच्या कष्टामुळे. ते श्रेय त्यांच्याकडून काढून हवेला देणं मला पटत नाही.

सोयाबीनच्या आठ हंगामांची गोष्ट

१८ टक्क्यांच्या त्या आकड्यातली अट पुन्हा वाचा: कुठलाच ताण नसेल तर. मराठवाड्यात आणि विदर्भात असा हंगाम किती वेळा येतो?

इलिनॉयच्या सोयाबीनवर याच प्रश्नासाठी काम झालं आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातला आपल्यासाठी सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. तर्क असा होता की वाढीव कार्बनमुळे रंध्रं मिटतात, पाणी वाचतं, म्हणजे पावसाने ओढ दिली तर फायदा उलट वाढायला हवा. २००४ ते २०११ असे आठ हंगाम मोजमाप झालं. काही वाफ्यांवर रात्री आपोआप पसरणारी छतं लावून पाऊस अडवला, म्हणजे कोरडं वर्ष मुद्दाम तयार केलं. निष्कर्ष २०१६ मध्ये आले, आणि ते तर्काच्या उलट होते. हंगाम जितका कोरडा आणि तापलेला, तितका वाढीव कार्बनचा फायदा घटत गेला. सर्वांत वाईट वर्षांत तो शून्यावर आला.

कारण उमगलं की ते फार साधं वाटतं. हंगामाच्या सुरुवातीला ओल असताना जादा साखरेच्या जोरावर झाडांनी पालवी जोमाने वाढवली. प्रत्येक पानातून पाणी कमी जात होतं, पण पानंच जास्त झाली. जमिनीतली ओल वापरली गेली. मग शेंगा लागायच्या आणि दाणे भरायच्या वेळी पावसाने उघडीप दिली, तेव्हा या दाट, हिरव्यागार पिकाच्या मुळांपाशी शेजारच्या साध्या पिकाहून जास्त पाणी उरलेलंच नव्हतं.

ज्यांनी ऑगस्टमधला पावसाचा तीन आठवड्यांचा खंड आपल्या रानात पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर असतं आणि त्यातलं बहुतेक पावसावर. कंबरेएवढं वाढलेलं, बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारं पीक आणि शेंगेत मात्र चपटे दाणे, असं चित्र वाढत्या कार्बनमुळे जास्त वेळा दिसू शकतं. म्हणून हवेतल्या कार्बनचा लाभ घ्यायचा असेल तर त्याची किल्ली जमिनीतल्या ओलीत आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, सेंद्रिय कर्ब टिकवणं, शेततळ्यातून शेंगा भरताना एक संरक्षित पाणी, या गोष्टी आपण दुष्काळाशी जोडतो. त्या हवेतलं हे फुकटचं अन्न पिकाच्या अंगी लागण्यासाठीही तितक्याच लागतात.

नत्राचंही तसंच आहे. साखर भरपूर, पण तिच्यापासून पुढे प्रथिनं बनवायला नत्र नाही, अशी स्थिती आली की पानात साखर साचते आणि झाड स्वतःच प्रकाशसंश्लेषणाचा वेग कमी करतं. हलक्या, उपाशी जमिनीत हा अडसर लवकर येतो. डाळवर्गीय पिकं इथे सुटतात, कारण जादा साखर मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंना मिळते आणि ते हवेतला नत्र जास्त पकडून देतात. बियाण्याला रायझोबियमची प्रक्रिया करायचा अनेकांना कंटाळा येतो. पुढच्या काळात तो परवडणारा नाही.

उष्णता सोबतच येते

कार्बन डायऑक्साइड एकटा वाढत नाही. त्याच्याबरोबर तापमान चढतं, आणि पिकाच्या दृष्टीने हे दोन्ही एकाच गाडीने येतात. पृथ्वीचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं तर गव्हाचं जागतिक उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी, मक्याचं ७.४, भाताचं ३.२ आणि सोयाबीनचं ३.१ टक्क्यांनी घटतं, असा २०१७ मधला एक मोठा अंदाज आहे. यात कार्बनच्या वाढीचा फायदा धरलेला नाही. मका सी-४ आहे, हेही लक्षात घ्या. कार्बनचा फायदा नाही आणि उष्णतेचा फटका सर्वांत मोठा, अशा दुहेरी कोंडीत ते सापडतं.

वर म्हटलं की उन्हात रुबिस्कोच्या चुका वाढतात, म्हणून नुसत्या पानापुरतं पाहिलं तर गरम हवेत वाढीव कार्बनचा उपयोग जास्त व्हायला हवा. पानात तो होतोही. पण दाणा पानात भरत नाही. भाताला फुलोऱ्याच्या वेळी ३५ अंशांच्या वर तापमान गेलं की परागकोश नीट उघडत नाहीत, पराग पडत नाहीत आणि लोंब्या पळंज राहतात. इथे वाढीव कार्बन उलटा त्रास देतो. रंध्रं मिटली की पानांतून बाष्प कमी जातं, आणि बाष्पाबरोबर जाणारी उष्णता पिकातच राहते. उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने पीकही स्वतःला गार ठेवत असतं. ते कमी झालं की पिकाचं तापमान वाढतं आणि वांझपणाची वेळ आधी येते.

गव्हाचं दुखणं दाणे भरताना असतं. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू नेमका चिकातून पक्का होत होता. दाणे आक्रसले, उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. त्या वर्षी हवेत ४१५ पीपीएमहून जास्त कार्बन डायऑक्साइड होता. काही आठवड्यांच्या उन्हापुढे त्याचा आधार पुरला नाही.

दाण्यात काय उरतं

इथपर्यंत आपण क्विंटलचा हिशेब केला. पण धान्य ताटात येतं तेव्हा त्यात काय आहे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि बाजारात त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

२०१४ मध्ये तीन खंडांतल्या सात ठिकाणच्या उघड्या प्रयोगांतलं धान्य एकत्र तपासलं गेलं. ५५० पीपीएमच्या आसपासच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्क्यांनी, लोह ५.१ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६.३ टक्क्यांनी कमी भरली. भातात जस्त ३.३, लोह ५.२ आणि प्रथिनं ७.८ टक्क्यांनी कमी. चार वर्षांनी चीन आणि जपानमध्ये भाताच्या १८ वाणांवर काम झालं, तिथे ब गटातल्या जीवनसत्त्वांतही घट दिसली. फॉलिक अ‍ॅसिड तर सरासरी ३० टक्क्यांनी कमी झालं.

असं का? ऐनवेळी पाहुणे आले की वरणात पाणी घालून ते पुरवलं जातं. पातेलं भरतं, पण डाळ तेवढीच असते. इथे पिष्टमय पदार्थ वाढतात आणि जमिनीतून येणारं जस्त, लोह त्या प्रमाणात वाढत नाही. बाष्प कमी गेल्यामुळे मुळांकडे येणाऱ्या पाण्याबरोबरची खनिजंही थोडी घटतात. प्रथिनांच्या बाबतीत रुबिस्को आडवं येतं. कार्बन सहज मिळत असला की झाड हे एन्झाइम कमी बनवतं. पान पिवळं पडताना त्यातलं नत्र दाण्याकडे वळतं आणि गव्हा-भाताच्या दाण्यातली प्रथिनं बऱ्याच अंशी त्यातून बनतात. पानातच नत्र कमी, तर दाण्यात कुठून येणार? डाळवर्गीय पिकांत मूळगाठींमुळे प्रथिनांची घट जवळजवळ होत नाही, पण जस्त आणि लोह त्यांतही कमी होतं.

पाचसात टक्के म्हणजे काय मोठं, असं ज्याच्या ताटात दूध, अंडी, मासे, फळं आहेत त्याने म्हणावं. ज्या घरात निम्म्याहून जास्त उष्मांक रेशनच्या गहू-तांदळातून येतात, तिथे तेवढ्या घटीला दुसरीकडून भरपाई नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की ५५० पीपीएमच्या जगात आणखी साडेसतरा कोटी लोकांना जस्त अपुरं पडेल, आणि त्यातले सर्वांत जास्त, सुमारे पाच कोटी, भारतातले असतील. भूक भागलेली आणि शरीर उपाशी, ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे. हवेतला बदल ती वाढवणार असेल तर उत्पादनाच्या टक्क्यांत खूष होण्यासारखं काही नाही.

ज्वारी-बाजरीकडे आता पुन्हा पाहू. वाढीव कार्बनचा उत्पादनात त्यांना फायदा नाही, पण ज्वारी-मक्यासारख्या सी-४ पिकांच्या दाण्यातला कसही फारसा घटत नाही. ऊनही त्यांना भातागव्हापेक्षा जास्त सोसतं. ज्वारीखालचं क्षेत्र गेल्या काही दशकांत आपण सोयाबीनला देत आलो. बाजारभाव पाहता शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण घरच्या भाकरीपुरती तरी ज्वारी रानात राहावी, असं मी आग्रहाने म्हणेन. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून काढलेला जादा लोहाचा 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ पासून महाराष्ट्रात आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. असे वाण सरकारी खरेदीत आणि शाळेच्या आहारात आले, तर त्यांना बाजार मिळेल.

तण आणि अळी यांनाही तीच हवा

कार्बन पिकालाच मिळेल आणि तणाला मिळणार नाही, अशी सोय निसर्गात नाही. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज देशभर आहे. वाढीव कार्बनमध्ये ते चांगलंच फोफावतं. केनाही सी-३ आहे. ज्वारी, बाजरी, ऊस अशा सी-४ पिकांत ही तणं वरचढ ठरू शकतात. उलट लव्हाळा आणि हरळी सी-४ असल्यामुळे सोयाबीन-भुईमुगाच्या रानात त्यांचा जोर थोडा कमी पडायला हवा, पण त्या दोघांचा चिवटपणा पाहता खुरप्याला सुट्टी मिळेल असं मी म्हणणार नाही. काही तणांवर वाढीव कार्बनमध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा परिणाम कमी झाल्याचंही दिसलं आहे, कारण जादा साखर जमिनीखालच्या मुळांत साठते आणि वरचा भाग जळला तरी तण पुन्हा फुटतं.

किडीचं तर्कशास्त्र वरणासारखंच. पानात नत्र कमी, म्हणून पोट भरायला अळी पान जास्त खाते. हैदराबादच्या प्रयोगांत भुईमुगावरच्या स्पोडोप्टेरा अळ्यांनी हेच केलं. इलिनॉयच्या सोयाबीनमध्ये भुंगेऱ्यांनी वाढीव कार्बनच्या कड्यांतली पानं जास्त कुरतडली, आणि तिथे आणखी एक कारण सापडलं: झाडाची किडीविरुद्धची स्वतःची रासायनिक राखण त्या हवेत ढिली पडली होती.

वाण निवडताना

पॉलिहाऊसमध्ये मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडून उत्पादन वाढवतात, मग उघड्या शेतात का नाही, असंही विचारलं जातं. हॉलंडमधले टोमॅटो उत्पादक बंद काचघरात ८०० ते १००० पीपीएमपर्यंत तो वाढवतात, हे खरं आहे. पण तिथे तापमान, पाणी, खत सगळं हातात असतं. पोषक सगळी मिळत असतील, तरच कार्बन हा पुढचा अडसर ठरतो आणि तो दूर केल्याचा पुरता फायदा होतो. रानात कार्बन क्वचितच पहिला अडसर असतो.

जिथे खरोखर काही करता येण्यासारखं आहे, ती जागा म्हणजे पैदास. एकाच पिकाच्या वाणांमध्ये वाढीव कार्बनला मिळणारा प्रतिसाद बराच वेगळा असतो. भातात, सोयाबीनमध्ये काही वाण जादा साखर दाण्यात घालतात, काही नुसती काडात आणि पानात. दाण्यातलं जस्त किती घटतं, हेही वाणागणिक बदलतं. भाताच्या एका रानटी जातीत पहाटे लवकर फुलण्याचा गुण सापडला आहे. तो लागवडीच्या भातात आणला की फुलोरा दुपारच्या उन्हाआधी उरकतो.

आज ज्या वाणाचा संकर केला जातो, तो शेतकऱ्याच्या हातात पडायला दहाबारा वर्षं लागतात, आणि मग तो आणखी दहावीस वर्षं पेरला जातो. वर्षाला अडीच पीपीएमचा वेग पाहता, वाण बाजारात येईपर्यंत हवा २५ ते ३० पीपीएमने पुढे गेलेली असेल आणि तो निवृत्त होईपर्यंत ५० ते ८०ने. पण निवड मात्र आजच्या हवेत, आजच्या तापमानात आणि बहुतेक वेळा केवळ हेक्टरी उत्पादनावर होते. बारामतीजवळ माळेगावला ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, चार कृषी विद्यापीठं आहेत, २०११ पासून चालू असलेला हवामानपूरक शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प आहे. सोयाबीन, तूर आणि कापसाचे होऊ घातलेले वाण वाढीव कार्बन, पावसाचा खंड आणि वाढलेलं ऊन या तिन्हींत एकत्र वाढवून पाहायला आणि प्रसारणाच्या शिफारशीत दाण्यातल्या जस्त-लोहाचा रकाना घालायला या संस्थांना नवा कायदा लागत नाही. लागतात ते प्रयोगाचे कक्ष, विजेचा खर्च आणि सलग काही हंगामांचा निधी.